एकाच सी प्रोजेक्टमधे तीन-चार प्रोग्रॅम कसे बिल्ड करायचे

सी शिकताना एक एरर जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी भेटतोच, 'मल्टिपल डेफिनिशन ऑफ मेन'. झालेलं असं असतं की एक प्रोग्रॅम नीट चालत असतो, मग त्याच प्रोजेक्टमधे आपण दुसरी फाइल उघडतो, तिच्यात दुसरं मेन (प्रोग्रॅमचं मुख्य फंक्शन) लिहितो, बिल्ड करतो आणि खाली हे वाक्य येतं, त्याखाली 'एलडी रिटर्न्ड वन एक्झिट स्टेटस'. मग बहुतेक जण पहिलं मेन कॉमेंट करून दुसरं चालवतात, पहिलं हवं झालं की उलटं करतात. प्रॅक्टिकलचे दहा-बारा प्रोग्रॅम एकाच प्रोजेक्टमधे टाकून हीच कसरत करणारी पोरं मी भरपूर बघितलीत, आणि त्यांना कुणी थांबून नीट सांगत नाही याचं खरंच वाईट वाटतं. गोष्ट अवघड नाहीये, फक्त कंपायलर नक्की काय करतो आणि काय करत नाही हे एकदा समजून घ्यावं लागतं.

(फाइलींची नावं आणि कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, वाचायला सोपं जावं म्हणून. टाइप करताना अर्थातच सगळं इंग्रजी अक्षरांत.)

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, सी भाषेला 'प्रोजेक्ट' म्हणजे काय ते माहीतच नाही. प्रोजेक्ट हा शब्द आयडीईचा आहे, म्हणजे ज्यात आपण कोड लिहितो आणि बिल्ड करतो त्या कोडब्लॉक्स, व्हिज्युअल स्टुडिओ वगैरेंचा. भाषेला आणि कंपायलरला दिसते ती एक फाइल. जीसीसी हा सीचा कंपायलर एका वेळी एक .सी फाइल घेतो, तिच्यात इन्क्लूड केलेले हेडर (.एच फाइली) आत ओततो, आणि त्या सगळ्याची एक ऑब्जेक्ट फाइल बनवतो, तिचं एक्स्टेन्शन .ओ. शेजारच्या फाइलमधे काय आहे याच्याशी त्याला त्या क्षणी काहीही देणंघेणं नसतं. तुमच्या फोल्डरमधे दहा .सी फाइली असतील आणि दहांमधे दहा मेन असतील तरी दहाच्या दहा फाइली बिनतक्रार कंपाइल होतात. हे करून बघा, जीसीसीला डॅश सी दिलं की तो फक्त कंपाइल करून थांबतो, लिंक करत नाही:

जीसीसी -सी पहिला.सी
जीसीसी -सी दुसरा.सी

एकही एरर येणार नाही. म्हणजे तक्रार कंपायलरची नाहीच, ती लिंकरची आहे. लिंकरचं काम काय तर दिलेल्या .ओ फाइली एकत्र करून एक चालणारी फाइल बनवायची, म्हणजे एक्झिक्युटेबल, आणि प्रत्येक नावाला एक पत्ता द्यायचा. तुम्ही प्रिंटएफ म्हटलंत तर ते कुठे आहे, बेरीज म्हटलंत तर ते कुठे आहे. आणि मेनला कोण बोलावतं? तुम्ही कुठेच बोलावलेलं नसतं. लिनक्सवर जीसीसी लिंक करताना गुपचूप एक छोटी ऑब्जेक्ट फाइल जोडतो, तिच्यात अंडरस्कोर स्टार्ट नावाची जागा असते, प्रोग्रॅम खरा तिथून सुरू होतो आणि तिथून पुढे गाडी मेनपाशी येते. आता मेन नावाच्या दोन जागा सापडल्या तर कुठल्या पत्त्यावर जायचं? तिथे लिंकर हात वर करतो.

म्हणून नियम 'एका प्रोजेक्टमधे एकच मेन' असा नाहीये, नियम आहे एका एक्झिक्युटेबलमधे एकच मेन. आणि एक्झिक्युटेबल म्हणजे लिंकरला दिलेली एक कमांड. तीन एक्झिक्युटेबल हवेत तर लिंकरला तीनदा बोलवायचं, दर वेळी वेगळं मेन असलेली .ओ द्यायची आणि बाकीच्या सामायिक .ओ त्याच. एवढंच आहे सगळं, पुढचं सगळं हे सोयीने, न चुकता कसं करायचं त्याबद्दल आहे.

उदाहरण घेऊ. गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी सॉफ्टवेअर लिहायचंय. सकाळ-संध्याकाळ सभासद दूध घालतात, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) यांची नोंद होते, फॅट आणि एसएनएफवरून दर ठरतो, आणि दहा दिवसांनी बिल निघतं. म्हणजे मला एक प्रोग्रॅम हवा 'नोंद', जो काउंटरवर चालेल, दुसरा हवा 'बिल', जो दहा दिवसांतून एकदा चालेल, आणि तिसरा 'चाचणी', जो केंद्रावर कधी जाणारच नाही, तो माझ्या लॅपटॉपवर फक्त हिशोब बरोबर येतोय का ते तपासेल.

आता कुणी म्हणेल, एकच प्रोग्रॅम करा ना, आत मेन्यू द्या, एक दाबा नोंदीसाठी, दोन दाबा बिलासाठी, स्विच केस लावा झालं. चालेल की, छोट्या गोष्टीला तेच बरं. पण बिल रात्री आपोआप निघावं असं वाटलं की मेन्यूसमोर दोन दाबायला कोण बसणार? आणि काउंटरवरच्या माणसाच्या हातात बिल बदलायची सोय असावी का? आणि टेस्टचा कोड तर विकायच्या प्रोग्रॅममधे ठेवायचाच नसतो. अशा ठिकाणी प्रोग्रॅम वेगळे हवेत.

दुसरा मार्ग म्हणजे तीन वेगळे फोल्डर करून दराचं फंक्शन तिन्हीकडे कॉपी-पेस्ट करणं. हे कृपा करून करू नका. दूध संघाने दरपत्रक बदललं, तुम्ही नोंदमधला कोड बदलला आणि बिलमधला राहिला, तर सभासदाला सकाळी पावतीवर एक दर दिसतो आणि बिलात दुसरा. कोडची चूक म्हणून ती कुणी मानणार नाही, लोक म्हणणार केंद्रवाला फसवतो. दर काढणारं फंक्शन एकाच जागी हवं आणि तिन्ही प्रोग्रॅमनी तेच वापरायला हवं, वेगवेगळे प्रोग्रॅम एकाच प्रोजेक्टमधे ठेवण्याचं हे खरं कारण आहे, फोल्डर नीटनेटका दिसावा हे नाही.

तर फाइली अशा: दर.सी मधे दर काढायचा हिशोब, वही.सी मधे नोंदी फाइलमधे लिहायच्या आणि वाचायच्या, या दोन्हीत मेन नाही. मग नोंद.सी, बिल.सी, चाचणी.सी, या तिघांत प्रत्येकी एक मेन. आणि दूध.एच नावाचं एक हेडर, ज्यात दर.सी आणि वही.सी मधल्या फंक्शनांची फक्त ओळख आहे, म्हणजे नाव, काय घेतं, काय परत देतं, आणि सेमीकोलन. पाच .सी फाइली, म्हणून पाच वेळा कंपाइल. तीन प्रोग्रॅम, म्हणून तीन वेळा लिंक:

जीसीसी नोंद.ओ दर.ओ वही.ओ -ओ नोंद
जीसीसी बिल.ओ दर.ओ वही.ओ -ओ बिल
जीसीसी चाचणी.ओ दर.ओ वही.ओ -ओ चाचणी

दर.सी एकदाच कंपाइल झाली, तिची .ओ तीन ठिकाणी वापरली. तिसऱ्या प्रोग्रॅमचं नाव मी मुद्दाम 'टेस्ट' ठेवलं नाही, कारण टेस्ट नावाची कमांड शेलमधे (आपण कमांड टाइप करतो तिथे) आधीपासूनच असते, तुम्ही पुढे डॉट स्लॅश न लावता टेस्ट टाइप केलंत तर शेलवाली चालते, स्क्रीनवर काहीच येत नाही, आणि माणूस तासभर आपल्या कोडमधे चूक शोधत बसतो.

हेडरबद्दल दोन शब्द जास्त बोलावे लागतील कारण मेनचा एरर सुटला की लोक इथे अडकतात. हेडरमधे ओळख ठेवायची, प्रत्यक्ष वस्तू नाही. फंक्शनची बॉडी हेडरमधे लिहिली आणि ते हेडर दर.सी आणि बिल.सी दोघांनी इन्क्लूड केलं तर ते फंक्शन दोन्ही .ओ मधे तयार होतं आणि लिंकर परत 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणतो, फक्त या वेळी मेनच्या जागी तुमच्या फंक्शनचं नाव असतं. हेडर गार्ड लावलं तरी हे थांबत नाही, कारण गार्ड एका फाइलमधे दोनदा शिरण्यापासून वाचवतं, दोन वेगळ्या फाइलींमधे एकेकदा शिरण्यापासून नाही. हा फरक खूप जणांना माहीत नसतो.

ग्लोबल व्हेरिएबलचं तसंच, हेडरमधे एक्स्टर्न लावून ओळख आणि कुठल्यातरी एकाच .सी मधे खरी व्याख्या. इथे एक जुनं दुखणं आहे. आधी जीसीसी या बाबतीत सैल होता, हेडरमधे नुसतं 'इंट एकूण;' लिहिलं आणि ते चार फाइलींत गेलं तरी लिंकर चारही एकच समजून चालवून घ्यायचा. २०२० मधे जीसीसी १० आला आणि त्याने ही सवलत डीफॉल्टमधून काढून टाकली, त्यामुळे वर्षानुवर्षं बिल्ड होणारे कितीतरी जुने प्रोजेक्ट नव्या मशीनवर एकदम फुटले. जुना कोड नव्या कंपायलरवर टाकल्यावर असा एरर आला तर 'एफनो-कॉमन' हा शब्द शोधा, पण जुनी सवलत परत चालू करण्यापेक्षा एक्स्टर्न लावून नीट करून टाका.

आणि .सी फाइललाच इन्क्लूड करायचा मोह, तो टाळा. बिल.सी च्या वर दर.सी इन्क्लूड केली तर एकटा बिल बिल्ड होतो, खरंय, मग वाटतं की सुटलं, पण नंतर दर.ओ सुद्धा लिंकमधे आली की परत तोच एरर.

याच्या उलटा एरर म्हणजे 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला शिका, निम्मा त्रास वाचतो. मल्टिपल म्हणजे वस्तू दोनदा मिळाली, अनडिफाइन्ड म्हणजे एकदाही मिळाली नाही. 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू दर काढा' आला तर हेडर इन्क्लूड केलेलं आहे पण दर.ओ लिंकच्या ओळीत दिलेली नाही. व्हीएस कोड वापरणाऱ्यांना हा नेहमी येतो, कारण तिथलं साधं बिल्ड फक्त समोर उघडलेली फाइल घेतं, शेजारची दर.सी त्याच्या गावीही नसते. आणि 'इन फंक्शन अंडरस्कोर स्टार्ट, अनडिफाइन्ड रेफरन्स टू मेन' असा आला तर याचा अर्थ मेन असलेली एकही फाइल दिलेली नाही, म्हणजे तुम्ही नुसत्या दर.सी ला एक्झिक्युटेबल बनवायला निघालायत.

आता सामायिक फाइली दोन होत्या म्हणून ठीक, उद्या वीस झाल्या तर प्रत्येक लिंकच्या ओळीत वीस नावं कुठे लिहीत बसणार. त्यासाठी स्टॅटिक लायब्ररी असते. नाव मोठं आहे पण वस्तू साधी, बऱ्याच .ओ फाइलींचं एक गाठोडं, एक्स्टेन्शन .ए, आणि ते एआर या कमांडने बांधायचं:

एआर आरसीएस लिबदूध.ए दर.ओ वही.ओ

भावांच्या वाटण्या होतात, घरं वेगळी होतात, पण विहीर सामायिक राहते ना, तसं आहे हे. नोंद, बिल, चाचणी ही वेगळी घरं, लिबदूध.ए ही विहीर. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा की पाणी प्रत्येक घर आपापल्या हंड्यात भरून नेतं, म्हणजे लिंक करताना लायब्ररीतला लागणारा कोड एक्झिक्युटेबलमधे कॉपी होतो. त्यामुळे दर.सी दुरुस्त केली तर लायब्ररी परत बनवायला लागते आणि तिन्ही प्रोग्रॅमही परत लिंक करायला लागतात, नाहीतर घरात कालचंच पाणी.

'लागणारा कोड' असं मी म्हटलं ते जाणूनबुजून. सुटी .ओ फाइल दिली तर लिंकर ती पूर्ण घेतो, पण लायब्ररी दिली तर आत बघून ज्या .ओ ची गरज आहे तेवढीच उचलतो. गरज म्हणजे आतापर्यंत वाचलेल्या फाइलींत एखादं नाव विचारलंय पण अजून सापडलेलं नाही. यातून दोन गोष्टी निघतात. एक, क्रम महत्त्वाचा, जीएनयूचा लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो, लायब्ररी आधी लिहिली तर त्या वेळी कुणी काही मागितलेलंच नसतं, म्हणून तो काहीच न उचलता पुढे जातो आणि मग बिल.ओ वाचल्यावर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणून ओरडतो. लायब्ररी नेहमी शेवटी. दुसरं, लायब्ररीत मेन असलेली फाइल टाकू नका. टाकली तर लगेच एरर येईलच असं नाही, आणि तेच वाईट आहे. बिल.ओ मधे स्वतःचं मेन असतं म्हणून गाठोड्यातलं मेन कुणी मागत नाही आणि सगळं चालून जातं, पण ज्या दिवशी त्याच फाइलमधलं दुसरं एखादं फंक्शन लागेल त्या दिवशी अख्खी .ओ आत येते, मेनसकट.

हे सगळं दर वेळी हाताने टाइप करणं शक्य नाही, म्हणून मेक, बिल्डच्या कमांड आपोआप चालवणारा प्रोग्रॅम. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मधे बेल लॅब्जमधे ते लिहिलं, आणि आजही सी प्रोजेक्ट उघडला की पहिली नजर मेकफाइल, म्हणजे मेकला दिलेल्या सूचनांची फाइल, आहे का तिकडे जाते. मेकला तुम्ही सांगायचं की कुठली फाइल कशाकशापासून बनते, मग तो फाइलींच्या वेळा बघतो आणि जी वस्तू तिच्या कच्च्या मालापेक्षा जुनी असेल तेवढीच परत बनवतो.

अनेक प्रोग्रॅम असतील तर मेकफाइलमधली पहिली ओळ महत्त्वाची. नुसतं मेक म्हटलं की तो फाइलमधलं पहिलं टार्गेट (जे बनवायचं त्याचं नाव) बनवतो आणि थांबतो. तिथे नोंद असेल तर फक्त नोंद बनेल, बिलाचं नावही घेणार नाही. म्हणून सगळ्यात वर 'ऑल' नावाचं टार्गेट ठेवायची पद्धत आहे:

ऑल: नोंद बिल चाचणी
नोंद: नोंद.ओ लिबदूध.ए
बिल: बिल.ओ लिबदूध.ए
चाचणी: चाचणी.ओ लिबदूध.ए

गंमत म्हणजे खालच्या तीन ओळींखाली कमांड लिहायचीही गरज नाही. जीएनयू मेकला .सी पासून .ओ आणि .ओ पासून त्याच नावाचा प्रोग्रॅम कसा बनवायचा हे आधीच माहीत असतं, फक्त प्रोग्रॅमचं नाव आणि मेनवाल्या .ओ चं नाव एकच ठेवायचं. लिबदूध.ए साठी मात्र एआरची ओळ लिहायला लागते, आणि त्या ओळीच्या सुरुवातीला टॅब हवा, स्पेस नाही. ऑलला फोनी म्हणून जाहीर करा, म्हणजे ऑल हे कुठल्या फाइलचं नाव नाही हे मेकला कळतं. फक्त बिल हवं असेल तर 'मेक बिल', चार कोअरवर एकदम चालवायचं असेल तर 'मेक -जे४'.

आता माझ्यावर बेतलेली गोष्ट सांगतो, कारण अनेक प्रोग्रॅमवाल्या प्रोजेक्टमधला सगळ्यात घातक प्रकार हाच आहे. असाच नोंद आणि बिल असा जोड होता, नोंदीचं स्ट्रक्ट (एका नोंदीतल्या सगळ्या फील्डांचा साचा) हेडरमधे, नोंद ते स्ट्रक्ट जसंच्या तसं फाइलमधे लिहायचा आणि बिल वाचायचा. मी स्ट्रक्टच्या शेवटी एक फील्ड वाढवलं, नोंद.सी मधे ते भरलं, वही.सी मधेही थोडा बदल केला, मेक चालवलं, एरर नाही, वॉर्निंग नाही. बिलात पहिल्या सभासदाचा आकडा बरोबर आणि दुसऱ्यापासून पुढे सगळा कचरा. रात्रीचे दोन वाजले शोधताना. बिलाचा हिशोब मी दहा वेळा वाचला, तो बरोबरच होता. कारण असं की मेकफाइलमधे मी .ओ फाइली हेडरवर अवलंबून आहेत हे लिहिलेलंच नव्हतं. नोंद.सी ला हात लागला म्हणून ती परत कंपाइल झाली, बिल.सी ला लागला नाही म्हणून तिची जुनीच .ओ वापरली गेली. नोंद नवीन, मोठं स्ट्रक्ट लिहीत होता आणि बिलच्या मते स्ट्रक्ट अजून जुन्या मापाचं होतं, म्हणून पहिली नोंद बरोबर बसायची आणि तिथून पुढची प्रत्येक थोडी थोडी सरकत जायची. मेक क्लीन करून, म्हणजे जुन्या .ओ पुसून, परत बिल्ड केलं आणि एका मिनिटात सगळं जागेवर.

यावर उपाय हाताने हेडरची यादी लिहिणं नाही, ती यादी कधीच पूर्ण राहत नाही. जीसीसीला 'डॅश एमएमडी' द्या, तो कंपाइल करता करता प्रत्येक .ओ शेजारी एक .डी फाइल बनवतो, तिच्यात ती .ओ कुठल्या कुठल्या हेडरवर अवलंबून आहे ते मेकच्या भाषेत लिहिलेलं असतं, आणि मेकफाइलच्या शेवटी त्या .डी फाइली इन्क्लूड करायच्या. दोन ओळींचं काम आहे. एकापेक्षा जास्त प्रोग्रॅम असतील तर ते पहिल्या दिवशीच करा.

मेकफाइल आपणच तयार करून देणारा सीमेक वापरत असाल तर हे हेडरचं तो स्वतःच सांभाळतो. तिथे भाषा वेगळी, कल्पना तीच: ॲड लायब्ररीने दूध नावाची स्टॅटिक लायब्ररी जाहीर करायची, तीनदा ॲड एक्झिक्युटेबल म्हणून तीन प्रोग्रॅम, आणि टार्गेट लिंक लायब्ररीजने प्रत्येकाला दूध जोडायचं. एक चूक तिथे सर्रास दिसते, लायब्ररी न करता तिन्ही ॲड एक्झिक्युटेबलमधे दर.सी चं नाव लिहिलेलं असतं. ते चालतं, पण सीमेक प्रत्येक टार्गेटसाठी वेगळी .ओ बनवतो, म्हणजे दर.सी तीनदा कंपाइल होते. कोडब्लॉक्समधे याच कामाला बिल्ड टार्गेट म्हणतात, आणि व्हिज्युअल स्टुडिओमधे एका सोल्यूशनमधे अनेक प्रोजेक्ट ठेवायचे, एक लायब्ररीचा आणि बाकी प्रोग्रॅमचे.

खऱ्या जगात हे कसं दिसतं ते बघायचं असेल तर गिटचा, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलचा, अगदी पहिला कमिट (जपून ठेवलेली आवृत्ती) उघडा. एप्रिल २००५ मधला, लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सचा. आज आपण गिट म्हणजे एक कमांड समजतो, पण त्या दिवशी गिट नावाचा प्रोग्रॅमच नव्हता. मेकफाइलमधे सात प्रोग्रॅम होते: अपडेट-कॅश, शो-डिफ, इनिट-डीबी, राइट-ट्री, रीड-ट्री, कमिट-ट्री आणि कॅट-फाइल. प्रत्येकाची आपापली .सी, प्रत्येकात आपापलं मेन, आणि सामायिक कोड रीड-कॅश.सी मधे, त्याचं हेडर कॅश.एच. आपल्या दूध केंद्राचाच आराखडा, फक्त प्रोग्रॅम जास्त. छोटा कोड आहे, एका बसण्यात वाचून होतो, आणि सी शिकणाऱ्या कुणालाही मी तो वाचायला सांगतो. पुढे सामायिक फाइली वाढल्यावर लिबगिट.ए आली, मग बऱ्याच कमांड एकाच गिट प्रोग्रॅमच्या आत गेल्या, तरी काही प्रोग्रॅम आजही वेगळे बिल्ड होतात. आणि तिथे एक सुंदर युक्ती आहे: मेन एकाच फाइलमधे लिहिलंय, कॉमन-मेन.सी मधे, ते सुरुवातीची सगळी तयारी करतं आणि मग सीएमडी-मेन नावाच्या फंक्शनला बोलावतं, आणि प्रत्येक वेगळ्या प्रोग्रॅमच्या फाइलमधे मेनऐवजी हे सीएमडी-मेन असतं. सगळ्या प्रोग्रॅमना लागणारी तयारी एकाच जागी.

मला त्याहून आवडणारी युक्ती जीएनयू कोअरयुटिल्समधे आहे, म्हणजे एलएस, कॅट, सीपी या रोजच्या कमांड जिथून येतात तो प्रोजेक्ट. तिथे शंभराच्या आसपास प्रोग्रॅम एकाच प्रोजेक्टमधून बिल्ड होतात. त्यातले एलएस, डीआयआर आणि व्हीडीआयआर हे तीन जवळपास एकच काम करतात, फक्त यादी कशी दाखवायची याचा डीफॉल्ट वेगळा. तिघांसाठी एकच एलएस.सी आहे, मेनही तिच्यातच. आणि शेजारी तीन चिमुकल्या फाइली, एलएस-एलएस.सी, एलएस-डीआयआर.सी, एलएस-व्हीडीआयआर.सी, प्रत्येकीत मुख्य गोष्ट एकच, एलएस मोड नावाच्या ग्लोबल व्हेरिएबलची किंमत. एलएस.ओ बरोबर कुठली चिमुकली फाइल लिंक केली यावरून कुठला प्रोग्रॅम बनला ते ठरतं. मेन एक, प्रोग्रॅम तीन. हे बघितलं की 'एका एक्झिक्युटेबलमधे एक मेन' या वाक्याचा खरा अर्थ उघडतो.

उलट्या दिशेचं उदाहरण बिझीबॉक्स. छोट्या राउटरमधे, सेट टॉप बॉक्समधे जागा कमी असते, शंभर वेगळ्या फाइली परवडत नाहीत, म्हणून बिझीबॉक्समधे एकच एक्झिक्युटेबल असतो आणि एलएस, कॅट ही सगळी नावं त्यालाच जोडलेल्या लिंक असतात. मेनला जो आर्गव्ही (कमांडमधल्या शब्दांची यादी) मिळतो त्याचा शून्यावा घटक म्हणजे कुठल्या नावाने बोलावलं ते, त्यावरून तो आत कुठे जायचं ते ठरवतो. मेन्यूवाला प्रोग्रॅमच आहे तो, फक्त एक दाबा दोन दाबा याऐवजी नावावरून निवड.

तुमच्याकडे आत्ता सगळं एकाच मोठ्या मेन.सी मधे असेल आणि त्यातून दुसरा प्रोग्रॅम काढायचा असेल तर घाई करून एकदम सगळं फोडू नका. आधी मेन फंक्शन एकटं एका फाइलमधे न्या, बाकी सगळी फंक्शनं दुसऱ्या .सी मधे, मधे एक हेडर. जी फंक्शनं बाहेर कुणाला लागत नाहीत त्यांच्यापुढे स्टॅटिक लावा, म्हणजे उद्या दुसऱ्या फाइलमधे त्याच नावाचं फंक्शन आलं तरी भांडण नाही. बिल्ड करा, जुना प्रोग्रॅम आधीसारखाच चालतो का बघा. मेनमधे अजूनही हिशोब करणाऱ्या ओळी उरल्या असतील तर त्याही उचलून फंक्शनमधे टाका, कारण मेनमधे राहिलेला कोड दुसऱ्या कुठल्याच प्रोग्रॅमला वापरता येत नाही. मग दुसरं मेन लिहा, आणि शक्यतो ते चाचणीचंच लिहा: ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला आजच्या दरपत्रकात जो दर आहे तोच दर आपलं फंक्शन देतंय का, एवढी एक तपासणी. मेकफाइलच्या ऑलमधे तिचं नाव टाका आणि मेक चालवा.